ताईचं काचघर

आईला त्या दक्षिणेकडच्या शहरात न्यायचं मी बरीच वर्षं टाळलं. तिथल्या बागा बघायला लांबून माणसं येतात, समुद्रातलं ताजं खायला त्याहून जास्त. माझी ताई तिथल्या मोठ्या बागेत कामाला होती. काचघरातले, सावलीत वाढणारे नेचे तिनेच जोपासलेले. एका सुट्टीच्या दिवशी ती समुद्रात पोहायला गेली, ती गेलीच. काहीच हाती लागलं नाही.

पुढे आईची दृष्टी गेली. यंदा मात्र ती हटून बसली. दिसत नसलं तर नसू दे, पोर जिथे वावरायची तिथे मला घटकाभर बसव, म्हणाली.

बंदराजवळ जेवलो. ताई गेल्यापासून आईने मासा तोंडात घातला नव्हता. मी काटे काढून देत गेलो आणि ती खात राहिली. मग बागेत गेलो. काचघराला कुलूप होतं. दाराशेजारच्या बाकावर तिला बसवून मी माळ्याला शोधायला गेलो.

किल्ली घेऊन आम्ही परतलो, तर बाक रिकामा. मी तिला हाक मारली. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला... हळू, कुणाशी तरी गप्पा मारल्यासारखा.

माळ्याने कुलूप काढलं, पण तो उंबऱ्यावरच थांबला. आत दमट, कोंदट हवा होती आणि तिच्यात एक खारट वास. आई कुंड्यांच्या मधोमध कट्ट्यावर बसली होती.

"आई... आत कशी आलीस?"

"तिने हाताला धरून आणलं." इतका शांत चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "एकेक पान हातात देऊन ओळख करून दिली. हात मात्र गार पडलेत रे पोरीचे."

"कुठंय ती?"

"तुझी चाहूल लागली, तशी उठली. म्हणाली, आता घरी जा, माझी काळजी करू नको."

भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्याच क्षणी मनात आलं, थोडी थांबली असती तर...

आईला उठवताना तिच्या पाठीकडे लक्ष गेलं. सकाळी मी तिचे केस कसेबसे गुंडाळून दिले होते. आता तिथे घट्ट वेणी होती, चिंब ओली.

घरी येऊन बरेच दिवस झाले. आई ती वेणी सोडू देत नाही, मीही आग्रह धरत नाही. रोज सकाळी तिच्या उशीची खोळ तेवढी बदलतो.

वेणी अजून वाळलेली नाही.