पोचा पडणारी टाकी

एवढी जाडजूड लोखंडी टाकी, तरी फुटली कशी? मैदानावर पसरलेलं हिरवं पाणी पाहून मीनलला रडूच कोसळलं. बरं झालं, धडकेच्या चाचणीसाठी टाकीत इंधनाऐवजी रंगीत पाणी भरलं होतं. खरं इंधन असतं, तर एका ठिणगीने होत्याचं नव्हतं केलं असतं.

धडकलेली गाडी म्हणजे सन २०६० ची नवी रुग्णवाहिका. चाचणीत पास झाली, तरच मीनलच्या आईला घाटात चालवायला मिळणार होती. तोवर जुनीच गाडी. तिची टाकी पार मागच्या टोकाला. मागून कुणी ठोकलं, की संपलंच.

"आत्या, पत्रा आणखी जाड कर ना," मीनल म्हणाली.

गाडीची रचना करणाऱ्या वसुधाआत्याने धडकूला हाक मारली. धडकू म्हणजे चाचणीत चालकाच्या जागी बसणारा यंत्रमानव. त्याने पाण्याने भरलेला स्टीलचा डबा आणि शेकायची रबरी पिशवी मैदानाशेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून खाली सोडली. डब्याचं झाकण उडून पाणी सांडलं. पिशवी नुसती चेपली आणि पुन्हा होती तशी झाली.

"डबा वाकेना, म्हणून सगळा जोर झाकणावर आला," आत्या म्हणाली. "आपल्या टाकीचा पत्रा फाटलाच नाही. सांधा (दोन पत्रे जोडलेली जागा) उसवला."

"मग बिनसांध्याची करूया. पोचा पडला तर पडू दे."

"शाब्बास. चिवट प्लास्टिकची, एकसंध. पण बसवायची कुठे?"

धडकू तसा मितभाषी, पण ठेच खाऊन शहाणा झालेला. "मला विचाराल तर, गाडीची दोन्ही टोकं दरवेळी चुरगळतात. पुढच्या आणि मागच्या आसाच्या (चाकं जोडणारा दांडा) मधली जागा बहुतेक शाबूत राहते."

"टोकांनी चुरगळायचंच असतं," आत्या म्हणाली. "धक्का ती खातात, म्हणून मधलं वाचतं. टाकी तिथेच बसवू. आणि गाडी उलटली, की आपोआप मिटणारी झडप (वाट बंद करणारं छोटं दार) लावू."

महिन्याभराने पुन्हा धडक झाली. मागची बाजू पापडासारखी चुरली. मीनल धावत जाऊन गाडीखाली वाकली. टाकीला हा एवढा पोचा पडला होता, पण जमीन कोरडी ठणठणीत.

मागे आई उभी होती. "वसुधा, कधी मिळेल गं ही गाडी?"

"पावसाळ्याआधी, वहिनी. मग घाटातल्या सगळ्याच गाड्यांना हीच टाकी बसवू."

मीनलने आईचा हात घट्ट धरला. नवी गाडी आली, की आईला यायला उशीर झाला, तरी मीनल निवांत झोपणार होती.