कडुबाच्या पडद्यावरची सकाळ

ही गोष्ट कोणालाच खरी वाटणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. पहिल्यांदा सांगताना मला स्वतःलाही ती खरी वाटली नव्हती.

टीव्ही सेंटरच्या मागं, माझ्या पंक्चरच्या दुकानाला लागून कडुबाचं टायपिंगचं दुकान. कडुबाचा हात असा, की माणूस कारण सांगायच्या आत त्याचा अर्ज छापून बाहेर. एकदा तर त्यानं पुढच्या वर्षीचे अर्ज चुकून आधीच टाइप करून ठेवले होते. असा माणूस पौषात आजारानं गेला. दुकानात त्याची बायको गीताबाई बसू लागली. समोर कडुबाचा जुना कम्प्युटर.

त्या कम्प्युटरला चालवणारं सॉफ्टवेअर होतं लिनक्स. ते फुकट मिळतं, आणि घर जसं आपल्या हातानं रंगवावं, तसं हवं तसं मांडता येतं. पडद्याची खालची दोन बोटं पट्टी काळी पडली होती, म्हणून कडुबानं सगळी बटणं वरच्या कडेला नेली होती. गीताबाई टाइपरायटरवर शिकलेली, म्हणून कळफलकही तसाच लावून दिला होता.

पण गिऱ्हाईक यायचं, पडद्याकडं बघायचं आणि म्हणायचं, "बाई, हे येगळंच दिसतंय. सेतू केंद्रातल्यासारखं नाय." आणि निघून जायचं.

त्यात आणखी एक. रोज सकाळी कम्प्युटर सुरू केला, की पडद्यावर नवं चित्र. एक दिवस सिल्लोडच्या बाजारातला कापसाचा ढीग, दुसऱ्या दिवशी अजिंठ्याच्या घाटातलं धुकं. एका सकाळी तर गीताबाईच्याच चपला, उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या. त्या दिवशी तिनं पडद्यावर टॉवेल टाकला आणि संध्याकाळपर्यंत डोळे पुसत बसली.

करमाडहून तिचा भाऊ अतुल आला. "ताई, रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन येतो. सगळं पुसून सगळ्यांसारखं टाकून देतो. चित्रंही बंद आणि तुझं रडणंही बंद."

मे महिन्याची सुट्टी होती. ऊन असं, की माझ्या दुकानातले टायर हवा न भरताच फुगायचे. कडुबाची आठवीतली पोरगी करुणा, तिचा धाकटा भाऊ आकाश आणि शेजारचा धम्मपाल कडुबाच्या दुकानातल्या पंख्याखाली तोंडं पाडून बसले होते.

"फोटो पेन ड्राइव्हवर काढून घेऊ की," धम्मपाल म्हणाला.

"फोटो घेशील रे. पण बाबांनी जे मांडून ठेवलंय ते कशात भरशील? आणि आईला दुसरा कळफलक येत नाय. दुकान बंद पडंल," करुणा म्हणाली.

"मग आधी चित्र बदलतंय कोण, ते तर बघू."

"भूत," आकाश हळूच म्हणाला.

"भुताला पासवर्ड माहीत असतो व्हय?"

"बाबाला माहीत होता."



कम्प्युटर सुरू होताना आपोआप काय काय चालतं, त्याची यादी करुणानं उघडली. तिसऱ्या ओळीत एक नाव होतं: सकाळ, आणि त्यापुढं चालू असल्याची खूण. त्यावरून एक फोल्डर सापडला. आत एकशे एकतीस फोटो, क्रमांक घातलेले. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या आठवड्यात कडुबानं ते रांगेनं लावून ठेवले होते. रोज एक. एकशे दहा होऊन गेले होते.

"एकवीसच राहिले," आकाश म्हणाला.

"मामाला सांगून टाकू," धम्मपाल म्हणाला.

"मामा ऐकत नसतो. तो नुसतं बघतो," करुणा म्हणाली, आणि मग थांबली. "म्हणजे, त्याला जे बघायचंय ते दाखवलं तर?"

शनिवारी तिघं कामाला लागले. बटणांची पट्टी वरून खाली आणली, तर ती काळ्या डागात गडप झाली. धम्मपालनं तिची उंची वाढवत वाढवत नेली, तेव्हा कुठं बटणांची डोकी वर आली. कोपऱ्यात चौकोनी बटण बसवलं, मागं निळं चित्र लावलं, सगळी चिन्हं बदलली. लिहायचे तीन प्रोग्रॅम लावून पाहिले. एक दिसायला हुबेहूब, पण जोडाक्षरं फोडायचा. दुसरा उघडेपर्यंत माझं एक पंक्चर निघायचं. शेवटी कडुबाचाच ठेवला आणि त्याचं नुसतं रूप बदललं.

राहिली ती 'सकाळ'पुढची खूण. ती एका दिवसापुरती काढायची होती. करुणाचा हात तिथंच अडला. आकाशनं माऊस दाबला.

रविवारी मामा आला, वाकला, आणि खूश झाला. "अरे वा. टाकलं कोणी?"

"आम्हीच बसलो होतो काल दिवसभर," धम्मपाल म्हणाला. हे काही खोटं नव्हतं.

"ताई, याला म्हणतात कम्प्युटर. जरा टाइप करून बघ."

गीताबाईची बोटं सरसर धावली.

"पहिल्याच दिवशी? नव्याची बातच और असती."

"मामा, नवं काय बी नाय यात," करुणा म्हणाली. तिनं ती खूण परत लावली आणि कम्प्युटर बंद करून सुरू केला.

पडद्यावर बाजरीचं शेत आलं. त्यावर पडलेली लांब सावली, मोबाईल धरलेली. कडुबाची स्वतःची.

मामा पडद्याजवळ सरकला. पोरांनी फोल्डर दाखवला, तेव्हा त्यानं पेन ड्राइव्ह खिशात टाकला. "दाजींचं हे सगळं मी पुसणार होतो. लई शहाणी निघालात रे तुम्ही."

गीताबाईनं टॉवेल घडी करून कपाटात ठेवला. त्या दिवसापासून ती सकाळी कुलूप उघडायला घाई करू लागली. निळं चित्र गेलं तरी खालची पट्टी आणि कोपऱ्यातलं बटण तसंच ठेवलं, आणि गिऱ्हाईकही टिकू लागलं.

जूनमध्ये एकशे एकतिसावा फोटो आला. रिकाम्या रस्त्याचा. त्यानंतर काहीच यायला नको होतं. पण दुसऱ्या सकाळी पडद्यावर खाम नदीवरचं कोवळं ऊन. दुकानाला कुलूप, किल्ली गीताबाईच्या कमरेला. मग फोटो ठेवला कोणी?

"कडुबानंच पाठवला," पंक्चरसाठी थांबलेल्या पोरांना मी म्हणालो. "दुसरं कोण पाठवणार?"

शेजारच्या दुकानातून करुणाचा आवाज आला, "खोटं, तात्या. काल दुकान उघडं असतानाच धम्मपालनं तो फोल्डरात टाकला, पासवर्ड मीच दिला होता, आणि फोटोत तुमच्या सायकलचं हँडल आलंय. उद्याचा जरा मोबाईल सरळ धरून काढा."