उकरायचं नाय

बजाजनगरला निघालेला विश्वजीत गारखेड्यात वाट चुकला आणि मोटारसायकल वळवताना थेट योगिनीच्या रोपवाटिकेत शिरला. वडाच्या रोपाची कुंडी फुटली, मुळं उघडी पडली.

"डोळे घरी ठेवून आलात का?" योगिनीनं झारी आपटली.

"डोळे हायेत की... म्हणून तर ब्रेक उशिरा लागला."

ऐकून न ऐकल्यासारखं करत ती खाली बसली. लांबसडक मुळं तिनं एका काळ्या दगडावर बोटांनी पसरली, सुतळीनं बांधली आणि सगळंच खोल कुंडीत पुरून त्याच्या हातात दिलं. "झकास बोन्साय होईल. मुळं दगड धरतील. पण दोन वर्षं उकरायचं नाय!"

पुढच्या रविवारी कुंडीसकट स्वारी हजर. माती विस्कटलेली.

"उकरलं?"

"धरलं का नाय... बघत होतो."

मग रविवारमागून रविवार हेच. ती चिडायची, माती दाबायची, पाणी घालायची. तो मान खाली घालून तिच्या मातीनं भरलेल्या बोटांकडं बघत हसायचा. एकेकाळी इथं तिच्या आजोबांची ज्वारी डोलायची. पाखरं हाकायला ते गोफण घेऊन माळ्यावर बसत. हा आला की योगिनीला ती गोफण फार आठवायची.

दोन वर्षं अशी गेल्यावर तिनं सांगूनच टाकलं, "पुढच्या रविवारी जालन्याचे पाहुणे येणारेत. मला बघायला."

"असं व्हय..." तो कुंडीकडंच बघत राहिला. "आन् ह्यानं... धरलं का?"

तिचं डोकंच फिरलं. कुंडी उचलून तिनं पालथी घातली — आणि थबकली. सुतळी कधीच कुजून गेली होती. मुळांनी दगडाला अशी मिठी मारली होती, की मधे नख शिरणार नाही. दर रविवारी उकरलेलं रोप असं धरत नसतं.

"तू... उकरलंच नाय?"

दोन वर्षांत पहिल्यांदा 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"वरची माती तेवढी हलवायचो," तो पुटपुटला. "नाय तर यायचो कसा?"

"आणि पाहुणे दारात येईपर्यंत गप्प? दगड आहेस तू, निव्वळ दगड!"

"व्हय," तो हळूच म्हणाला. "मग... धर की."

योगिनीनं मातीचे हात ओढणीला पुसले. पुसायला जरा जास्तच वेळ लागला.

"जालनेकरांना येऊ नका म्हणून कळवते," ती वैतागून म्हणाली. "रविवारी तुझ्या आईला घेऊन ये. आणि बरोबर कुंडी आणलीस, तर बघ!"