सोमवारचं छायाकंकण

"व्रत मोडायचं नाही, कुमुद. अगदीच अडलं, तर देवापुढे बसून त्याला सांगायचं आणि बदलून घ्यायचं."

सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी सोमवारी साबुदाण्याची खिचडी परतताना कुमुदताईंना त्यांचा आवाज ऐकू यायचा. हे सोमवार त्यांनी लेकीसाठी, रेणूसाठी धरले होते. रेणूला पीसीओएस हा पाळी बिघडवणारा आजार आहे, असं चार वर्षांपूर्वी कळलं, तेव्हापासून.

डॉक्टरांनी रेणूला छायाकंकण दिलं होतं. दिसायला साधी बांगडी. घामावरून ती रक्तातली साखर ताडायची, आणि शरीर असंच चाललं तर दहा वर्षांनी कुठे असेल, त्याची छाया फोनवर रेखाटायची.

खिचडी खाऊन तासभर झाला असेल. बाहेरच्या खोलीतून रेणू ओरडली, "आई! माझी साखर दोनशे दहा? सकाळपासून नुसता कोरा चहा घेतलाय मी!"

मग तिचं लक्ष मनगटाकडे गेलं. मनगट रिकामं होतं.

कुमुदताई हात पुसत दारात आल्या. हिरव्या बांगड्यांमागे छायाकंकण चमकत होतं. "चार्जिंग झाल्यावर ओट्यावरच विसरलीस. खरकटं लागेल म्हणून घातली हातात."

"म्हणजे ही साखर तुझी आहे."

"माझी कशी असेल? माझा तर उपास!"

"काय काय खाल्लंस उपासाला?"

"दोन वाट्या खिचडी. रताळ्याचा कीस. एवढंच."

रेणूला हसू आलं, पण टिकलं नाही. परकं शरीर ओळखून फोन माहिती विचारत होता. "आई, तरुणपणी तुझी पाळी नियमित होती?"

"कुठली गं! चार-चार महिने यायची नाही. सासूबाई कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या, आमच्या कुमुदचं सोवळं कधी अडत नाही. सगळ्या सणांचा नैवेद्य माझ्याच हातचा. भाग्याची म्हणायचे मला." त्या थांबल्या. "मूल मात्र लवकर होईना. तू लग्नाच्या नवव्या वर्षी झालीस."

फोनवर आईच्या पुढच्या दहा वर्षांची रेघ उमटली आणि वर वर चढत गेली.

"हे माझ्याच दुखण्यासारखं दिसतंय, आई," रेणू हळूच म्हणाली. "पेशी इन्शुलिनला दाद देत नाहीत, मग शरीर आणखी इन्शुलिन ओततं आणि एक दिवस थकतं. पाळी जाते, पण मधुमेहाचा, हृदयाचा धोका जात नाही. कंकण नुसती चाहूल देतं, निदान डॉक्टर करतील. उद्या रक्त तपासायला येशील?"

"येईन. पण सोमवार कसे सोडू? तू बरी राहावीस म्हणून शब्द दिलाय मी."

"माझ्यासाठी धरलेल्या व्रतानं तू आजारी पडलीस, तर मी बरी राहीन का?"

कुमुदताई आत वळल्या. देवघरात जाऊन बसल्या. ओठ हलत होते. मध्येच डोळ्यांना पदर लावला. उठल्या तेव्हा चेहरा निवळला होता.

"सांगितलं त्याला. पुढच्या सोमवारपासून तुझ्यासारखं भाजी-उसळ खायची, आणि जेवण झालं की शंकराला एकवीस प्रदक्षिणा. आजच्या खिचडीच्या आत्ताच घालून येते."

"या उन्हात?"

"देऊळ सावलीत आहे."

चपला घालताना त्यांनी मनगट वर केलं. "ही प्रदक्षिणा मोजते का गं?"

"पावलं मोजते. का?"

"काही नाही. ती वर चढलेली रेघ खाली येते का, तेवढं बघत राहा."

त्यांनी फाटक हळूच लोटलं आणि देवळाची वाट धरली.