दोघींत एकच पट्टी

रोज सकाळी करंटबाई पहिला झटका स्वतःला द्यायची. पेशंट यायच्या आत दिवे लावायचे, मशीन सुरू करायचं, चहाचे चार घोट घ्यायचे, मग डाव्या मनगटाला गार जेल फासून पट्ट्या चिकटवायच्या आणि बटण दाबायचं. चिमटा काढावा तसा झटका बसे, अंगठा टुणकन उडे आणि पडद्यावर एक लहानशी टेकडी उमटे. शंभर टेकड्यांत मिसळून ठेवली असती तरी तिने बोट ठेवून सांगितलं असतं, ही माझी. टेकडी जागेवर असली म्हणजे मशीन ठीक, आणि मशीन ठीक म्हणजे दिवस सुरू.

करंटबाई हे नाव हॉस्पिटलच्या लिफ्टवाल्याने ठेवलेलं. तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत ती नसांची तपासणी करायची. हातापायांना मुंग्या येणारे, पाय ओढत चालणारे लोक तिच्याकडे यायचे आणि त्या वायरी बघूनच त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. "घाबरता काय असे?" ती म्हणायची. "मी रोज सकाळी हेच खाते. बघा कशी गुटगुटीत आहे!" माणूस हसला की अंग सैल सोडतो, आणि तेवढ्यात ती बटण दाबायची. नसांमध्ये दोन रस्ते असतात. एक बातमी वर नेतो, दुसरा हुकूम खाली आणतो. कुठला रस्ता कुठे अडलाय ते शोधून कागद डॉक्टरांकडे पाठवला की तिचं काम संपलं.

घरी तिची वाट बघणारी एकच होती, धाकटी बहीण. ही दुकानांच्या पाट्या रंगवायची. हात असा, की अक्षर बघून लोक रस्त्यात थांबत. पण अंगात वारं शिरलेलं. शिडीच्या दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत चढायची. दोन वर्षांपूर्वी तशीच चढताना खाली आली ती मानेवर. मानेखालचं तिला काही कळेना, काही हलेना. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि ती पहिल्यापासूनच दोघींना पुरून उरेल एवढी होती. दिवसभर शेजारच्या काकू येऊन बसायच्या, संध्याकाळी थोरली आली की त्या जायच्या.

"ताई, छतावरच्या त्या डागाला शेपूट आहे. बघितलंस?"

थोरलीने मान वर केली. पांढरं छत. "डाग कुठला? रंग देऊन वर्ष नाही झालं."

"तू उभ्याने बघतेस म्हणून. इथे आडवी होऊन बघ."

"आडवी व्हायला मला सवड कुठे आहे, बाई!" असं म्हणून थोरली चहाकडे वळली.

लहानपणी दोघी एका पलंगावर झोपायच्या आणि एकमेकींच्या पाठीवर बोटाने अक्षरं लिहून ओळखायला लावायच्या. धाकटी दर वेळी सुरुवात 'ळ'ने करायची. त्याची वळणं तिला फार आवडायची. थोरली पहिल्या वळणालाच ओळखायची, तरी मुद्दाम चुकायची. आता त्या पाठीवर काहीही लिहिलं तरी ते कुणाला पोचणार नव्हतं.

"ताई, एकदा मला तुझा करंट दे ना," एक दिवस धाकटी म्हणाली.

"त्याने काय होणार? रस्ता मानेत तुटलाय. हातातल्या नसा धडधाकट आहेत, पण त्यांचं ऐकायला वर कुणी नाही."

"बरं व्हायला नाही गं. मला माझा हात उडताना बघायचाय."

सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या ॲम्ब्युलन्सवाल्याला गळ घालून तिने धाकटीला आपल्या खोलीत आणलं. दोघींच्या टेकड्या शेजारी शेजारी दाखवायच्या, असं तिच्या मनात होतं. बघ, तुझी माझ्यापेक्षा रतीभरही कमी नाही. तिने धाकटीच्या डाव्या हाताला पट्ट्या लावल्या, स्वतःच्या डाव्या हाताला लावल्या. जादा करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंगची पट्टी मात्र खणात एकच निघाली. दुसरी तुटली होती आणि नवी मागवायची राहून गेली होती. दोन माणसं एका अर्थिंगवर कधीही घ्यायची नाहीत, हे या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. शिकायला आलेल्या कितीतरी मुलींना तिने स्वतः त्यावरून फैलावर घेतलं होतं. पण धाकटी डोळे लावून बसली होती. थोरलीने दोन्ही मनगटं जवळ घेतली, त्यांच्याभोवती ती एकच लांब पट्टी गुंडाळली आणि बटण दाबलं.

दोन्ही अंगठे एकदम उडाले. धाकटी खिदळली. "अगं, जिवंत आहे की हा मेला!"

पडद्यावर मात्र दोन्ही ओळींत एकच टेकडी होती. दोन्हीकडे थोरलीची. वायर सैल असेल, असं म्हणून तिने मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखं बटण दाबलं. अंगठा उडाला, टेकडी उमटली, पण झटका बसला नाही. तिने करंट वाढवला. अंगठा जोरात उडाला. कुणा दुसऱ्याचा अंगठा बघावा तसा ती तो बघत राहिली. रात्रभर हात अंगाखाली आला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

त्याच संध्याकाळी धाकटी म्हणाली, "ताई, सकाळी मला हाताला गार लागलं. चिकट गार. आणि मग कुणीतरी चिमटे काढले."

"होतं असं," थोरली म्हणाली. पेशंटना ती हेच सांगायची. तुटलेल्या रस्त्यावरूनही मेंदूला कधीकधी बातम्या आल्याचा भास होतो.

पण तिला चैन पडेना. ती स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा नळ सोडला आणि अंगठ्याच्या नखाने डाव्या तळहातावर एक अक्षर ओढलं. तिला स्वतःला काहीच कळलं नाही.

"ळ!" बाहेरच्या खोलीतून हाक आली.

थोरलीने तिथेच उभ्याने 'ज्ञ' काढला.

"ज्ञ कोण काढतं गं खेळात? चिडकी कुठली! ताई, मला कळतंय. ताई, इकडे ये, मला कळतंय!"

थोरली पलंगाशी गेली आणि बहिणीच्या गळ्यात पडून रडली. दोन वर्षांत एवढा आनंद त्या घरात झाला नव्हता. आपल्या हाताचं मात्र तिने सांगितलं नाही. सांगून त्या आनंदात माती कशाला कालवायची?

मग ती रोज धाकटीसाठी काहीतरी हातात धरू लागली. कोपऱ्यावरच्या कुत्र्याचे कान, उन्हात तापलेला कठडा, कापडाच्या दुकानातलं मखमल. रंगाच्या दुकानात जाऊन तिने ब्रशांच्या केसांवरून हात फिरवला, तेव्हा तिकडे धाकटीने काकूंना हाका मारून मारून उठवलं. तिच्या गालांवर रंग चढला. ती गाऊ लागली. थोरलीचा बधिरपणा हळूहळू वर सरकत होता. मनगट, कोपर, खांदा, मग दुसरा हात. पायाखालची फरशी कळेनाशी झाली तेव्हा ती प्रत्येक पायरी डोळ्यांनी बघून जिना चढू लागली. लिफ्टवाल्याची आई गेली, सांत्वनाचं बोलायचं ते सगळं ती त्याच्याशी बोलली, आणि परत खोलीत येताना तिच्या लक्षात आलं की आत काहीच हललं नाही. याचंही तिला वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

एका रविवारी ती कामावरचा पांढरा कोट इस्त्री करत होती. मनात काही नव्हतं. अचानक बाहेरून किंकाळी आली.

"ताई, हात! हात उचल आधी!"

आधी तिला वास आला. मग तिने खाली बघितलं. डाव्या हाताला, अंगठ्याच्या खाली, इस्त्री टेकलेली होती.

ती बाहेर आली तेव्हा धाकटीचा चेहरा घामाने निथळत होता.

"तुला कळलं नाही?"

"कळलं की. जरा उशिरा."

"खोटं बोलू नकोस. कधीपासून?"

थोरली मलम लावत बसली. ती लावत होती आणि ओठ चावत होती धाकटी.

"पुन्हा बांध आपल्याला त्या पट्टीने," धाकटी म्हणाली. "उलटं कर, काहीही कर. तुझं तू परत घे."

"आणि तू?"

"मी होते तशी."

थोरलीने तिच्याकडे बघितलं. गाल भरले होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि डोळ्यांत भीती होती. आलेलं परत जाण्याची भीती.

"राहू दे तुझ्याकडेच," थोरली म्हणाली. "मला काय करायचंय? नुसतं बटण तर दाबायचं असतं."

तिने बोटाने धाकटीचे डोळे पुसले. पुसणारं बोट आणि पुसला जाणारा गाल, दोन्ही धाकटीलाच कळत होती.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी एक कागद वर धरला. "हे अक्षर कुणाचं? छापल्यासारखं आहे."

अक्षर थोरलीनेच काढलं होतं. म्हणजे तिच्या हाताने. करंगळी टेकवून, मनगट उचलून, पाट्या रंगवणारे काढतात तसं. ती पेशंटशी बोलत होती आणि हात आपला आपण चालला होता.

"आज दुपारी काय करत होतीस?" तिने घरी विचारलं.

"काही नाही. मनातल्या मनात पाटी रंगवत होते." धाकटी थबकली. "का गं?"

"सहज."

धाकटी म्हणाली, "तू कामावर असताना मी काही करणार नाही. अगदी पडून राहीन. पण डोळा लागला की माझ्या हातात नसतं हं, ताई."

मग ती सकाळ आली. थोरलीने दिवे लावले, मशीन सुरू केलं. चहा गरम होता की गार, ते कळलं नाही. जेल लावलं. पट्ट्या चिकटवल्या. बटण दाबायचं असं मनात येण्याआधी बोटाने बटण दाबलं होतं.

अंगठा उडाला. टेकडी उमटली.

तिने ती नीट बघितली. ती टेकडी तिची नव्हती.

पहिला पेशंट आत आला. घाबरलेला होता. काहीतरी बोलायला हवं, असं तिला वाटलं.

"घाबरता काय असे?" तिच्या तोंडाने म्हटलं. "मी रोज सकाळी हेच खाते."

पेशंट हसला. ते हसू तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखं ऐकू आलं.

मग पांढरं. नुसतं पांढरं.

ते छत होतं, हे कळायला तिला वेळ लागला. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. मान वळवली तर खुर्चीत काकू विणत बसलेल्या.

"उठलीस का?" काकू म्हणाल्या. "आज भारी झोपलीस. येईलच आता तुझी ताई."

तिने हात उचलायचा प्रयत्न केला. हुकूम निघाला, आणि मानेशी येऊन थांबला.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी एका ढांगेत दोन-दोन पायऱ्या चढत होतं.

दार उघडलं. पांढरा कोट घातलेली बाई आत आली, काकूंशी दोन शब्द बोलली. काकू गेल्या. मग ती पलंगाशी आली आणि वाकली. तिच्या डाव्या अंगठ्याखाली इस्त्रीचा डाग होता.

तो अंगठा कपाळावर टेकला. ऊबदार, किंचित खरखरीत. कितीतरी महिन्यांत तिला कळलेला तो पहिला स्पर्श. अंगठा सावकाश फिरला, वळणं घेतली.

"ओळख."

"ळ," ती म्हणाली. आवाज धाकटीचा होता.

बाईचे डोळे भरून आले. "मी ठरवून नाही केलं गं, ताई. नुसता डोळा लागला होता." तिने कोटाच्या बाहीने डोळे टिपले. "उद्या बांधू ती पट्टी पुन्हा. बघू. उद्या नाही तर परवा."

ती स्वयंपाकघरात हात धुवायला गेली. नळ सुटला. पाणी पडत राहिलं, बराच वेळ, हात धुवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ. मध्येच ती गुणगुणू लागली.

पलंगावरचीने वर बघितलं. डागाला खरंच शेपूट होतं.