मीठ टाकलेला रस्ता

"आई, इथे एक माणूस रस्त्याचा ताप मोजतोय," मी फोनवर म्हणाले.

खरंच मोजत होता! सकाळचे सात चाळीस, शेफील्डच्या टेकडीवरचा एक बसस्टॉप, अनारशावर खसखस पसरावी तसा सगळीकडे विरळ बर्फ... आणि नारिंगी जाकीट घातलेला एक उंच माणूस वाकून, खेळण्यातल्या पिस्तुलासारखं काहीतरी डांबरावर रोखून उभा.

"येडा असेल," आई नागपूरहून म्हणाली. "दूर उभी राहा बाप्पा त्याच्यापासून."

"येडा आहे, पण दिसायला बरा आहे. नाक जरा मोठं आहे... चालून जाईल."

तो माणूस हळूहळू सरळ झाला. माझ्याकडे वळला. त्याच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या, आणि त्या काही थंडीने नव्हत्या.

"नाक बाबांचा आहे," तो म्हणाला. "आणि ताप नाही मोजत. थंडी मोजतो. आता मायनस टू."

मी आईचा फोन तसाच कापला. धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण पायाखालची धरणी पार गोठलेली! परदेशात आपली भाषा कोणाला कळणार, या भरवशावर आपण मराठी माणसं भर रस्त्यात काय काय बोलत असतो. इथून दूर दक्षिणेला, बेसिंगस्टोक गावात पाच वर्षं मी हेच करत आले आणि एकदाही सापडले नव्हते.

"सॉरी," मी पुटपुटले. "म्हणजे... नाक चांगलं आहे."

"चालून जाईल," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, आणि मग हसला. हसला की त्याच्या डाव्या गालावर बारीकशी घडी पडायची. पहिल्या दोन मिनिटांत हे मी कशाला बघितलं, ते विचारू नका.

त्याचं नाव नकुल. आई नाशिकची, चाळीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून इथे आलेली; तो जन्मला-वाढला सगळा इथेच. बर्फ पडणार असला की शहरातल्या कोणत्या रस्त्यांवर आधी मीठ टाकायचं, हे ठरवणाऱ्या कौन्सिलच्या टीममध्ये तो होता, आणि गरज पडली की मिठाची लॉरी स्वतः चालवायचा. मीठ टाकलेल्या रस्त्यावर बर्फ धरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"आणि तुम्ही काय मोजता?" त्याने माझ्या हातातल्या स्टॉपवॉचकडे बोट दाखवलं.

"आयुष्य," मी म्हणाले. त्याला वाटलं, मी विनोद केला.

विनोद कसला! लग्न मोडून दोन वर्षं झाली होती. माझ्या मुलीचा, अन्वीचा बाबा सिंगापूरला नवा संसार थाटून बसला होता आणि बेसिंगस्टोकचं घर मला खायला उठायचं. शेफील्डच्या एका हॉस्पिटलच्या डेटा टीममध्ये नोकरी मिळाली तेव्हा मी उड्या मारल्या आणि आईने कपाळावर हात मारून घेतला. "चार वर्षांची पोर घेऊन त्या बर्फात एकटी राहशील? काहून?" शेवटी आमचा तह झाला. अन्वीची शाळा सप्टेंबरात सुरू होणार, पण तिचा अर्ज पंधरा जानेवारीपर्यंत, भाड्याच्या घराच्या सही झालेल्या करारासकट द्यायचा. तोवर घर जमलं तर राहायचं. नाही जमलं, तर नोकरीला नकार कळवून, अन्वीला घेऊन कायमचं नागपूर. आईने तिथल्या शाळेत शब्दसुद्धा टाकून ठेवला होता. आज सोमवार, बारा तारीख होती.

परत जायला नागपूर वाईट नव्हतं हो. पण "नाही जमलं तिला" हे वाक्य लग्न मोडल्यावर मी एकदा ऐकून घेतलं होतं. दुसऱ्यांदा ऐकायची माझी तयारी नव्हती.

म्हणून या स्टॉपजवळ राहणाऱ्या मैत्रीण नीनाच्या घरी मुक्काम ठोकून, रोज सकाळी अन्वीला तिच्याकडे ठेवून, मी एकेका वस्तीतून हॉस्पिटलपर्यंत खराखुरा प्रवास करून बघत होते. लग्न मी मनाला वाटलं म्हणून केलं होतं. घर मात्र आकडे सांगतील तेच घ्यायचं, हे पक्कं होतं.

मंगळवारी तो परत त्याच स्टॉपवर. बुधवारी तर चहाचे दोन कप घेऊन!

"तुम्ही साखर—"

"तू म्हण रे. मी काय तुझी मावशी आहे?"

"आई म्हणतो, ओळख नसेल तर तुम्ही म्हणायचं."

"मग कर की ओळख."

त्याने ग्लोव्ह काढला आणि हात पुढे केला. चहाच्या कपाने तळवा ऊबदार झाला होता. मी हात सोडायला थोडा उशीर केला... आणि त्याने माझ्याहून थोडा जास्त.

बसमध्ये मी त्याला माझा तक्ता दाखवला. प्रवासाला चाळीस गुण, शाळेला चाळीस, शेजारपाजाराला वीस. नदीकाठचे नवे फ्लॅट: ट्राम दारात, पण शाळा बरी म्हणावी इतकीच, आणि शेजाऱ्याचं तोंड दिसायची मारामार. पलीकडच्या अंगाची वसाहत: सगळंच मधलं. आणि टेकडीवरचं अपरमूर: गल्लीच्या टोकाला शाळा, कोपऱ्यावर बेकरी आणि मिसेस बार्लो नावाच्या निवृत्त मास्तरीणबाईंचं पिवळ्या दाराचं छोटंसं घर. शाळा बघायला गेलो तेव्हा अन्वी गेटच्या गजांना मिठी मारून बसली होती. उठेचना.

"आणि ट्रामपासून चालत फक्त अकरा मिनिटं," मी ऐटीत सांगितलं. "या गल्लीने सरळ वर. अजून चालून नाही बघितलं, पण मॅपच दाखवतोय."

नकुलने मोबाइलवर वाकून बघितलं आणि तो असा काही हसला की पुढच्या सीटवरच्या आजीबाई वळून बघायला लागल्या.

"हा गल्ली? वैभवी, हा गल्ली नाही, हा स्लाइड आहे! इथे मी मीठ टाकतच नाही, लॉरीच चढत नाही. स्नो पडला की लोक किचनमधला ट्रे घेऊन येतात आणि त्याच्यावर बसून खाली जातात."

"मग मॅप खोटं बोलतो?" मला रागच आला.

"मॅपला विंटर माहीत नाही. तू बसचा रस्ता धर. चालत फोर्टी मिनिट्स लागतात, बसने ट्वेंटी. पण तो रस्ता मी सगळ्यात आधी करतो."

मी मुकाट्याने अकरा खोडून वीस लिहिले. आकडे भराभर बदलले, अपरमूर पहिल्यावरून तिसऱ्या नंबरवर गेलं आणि नदीकाठचे फ्लॅट जिंकले. मी स्क्रीनकडे बघत राहिले. डोळे भरूनच आले एकदम.

"व्हॉट हॅपन्ड? कुठला नंबर चुकला?"

"चुकला नाही रे. पण मला वरचंच घर हवंय."

"मग घे ना."

"असं कसं घे ना? इतके दिवस काय मी उगाच थंडीत उभी—"

"मी पण उभा होतो," तो हळूच म्हणाला. "त्या स्टॉपला रस्त्यातच सेन्सर बसवलाय. तो आपोआप टेंपरेचर सांगतो. मंडेला बिघडला होता, म्हणून मी हाताने मोजला. मंडेलाच दुपारी रिपेअर झाला."

"आज वेन्सडे आहे," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. पाळ्या पुन्हा लाल! माझे कान कसे दिसत होते देव जाणे. टोपी होती म्हणून वाचले.

त्याच दुपारी मी मिसेस बार्लोंचं दार वाजवलं. त्यांनी चष्म्यावरून माझं निरीक्षण केलं. "हे घर जूनमध्ये सगळ्यांनाच आवडतं, डिअर," त्या म्हणाल्या. "आणि जानेवारीत सोडून जातात. आणखी एका जोडप्यालाही हवंय. उद्या सकाळी दहाला दोघांनाही बोलावते. माझ्या स्वयंपाकघरात जो आधी पोचेल, त्याच्या हातात पेन देईन." मास्तरीणबाईच त्या, परीक्षा घेतल्याशिवाय कशा राहतील?

संध्याकाळी नकुलचा मेसेज आला. 'उद्या हेवी स्नो. बसेस बंद होणार. ट्राम चालू राहील. मी नऊला ट्रामच्या स्टॉपवरून अपरमूरला वर जातो. लॉरीत पॅसेंजर अलाउड नाही, सॉरी. माझ्या मागे चाल.'

गुरुवारी सकाळी पडदा सरकवला तर बाहेरच्या गाड्या ओळखू येत नव्हत्या. नीनाला स्वतःच्या कामाला लवकर निघायचं होतं, म्हणजे अन्वी माझ्याबरोबरच. "डोकं फिरलंय का तुझं? फोन करून उद्याची वेळ घे," ती म्हणाली. पण मला उद्या नव्हताच. आज पंधरा तारीख होती. तेवढ्यात आईचाही फोन आला. "आता तरी ऐक माझं. हट्ट सोड आणि ये घरी."

"आई, दहा वाजेपर्यंत मला वेळ आहे," मी म्हणाले. अन्वीला लाल टोपी आणि रबरी वेलीज बूट चढवले आणि निघाले.

ट्राममधून उतरलो तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. समोरच ती गल्ली! शुभ्र, सरळ, वरच्या टोकाला अपरमूरचं चर्चसुद्धा दिसत होतं. अकरा मिनिटं... उजवीकडे बसचा रस्ता वळसे घेत कुठल्या कुठे गेलेला, आणि अन्वीच्या पावलांनी चाळिसाची पन्नास मिनिटं नक्की. क्षणभर माझा पाय गल्लीकडे वळलासुद्धा.

मग मागून पिवळे दिवे लुकलुकत आले. घरघर करत मिठाची लॉरी आमच्या बाजूने पुढे गेली, मागच्या चकतीतून मीठ भिरभिरत रस्त्यावर सांडत. तो थांबला नाही. थांबू शकत नव्हता. फक्त दोनदा हॉर्न वाजला. मी अन्वीचा हात घट्ट धरला आणि उजवीकडे वळले.

"मम्मा, रोड क्रंची झाला!" अन्वी आनंदाने पाय आपटत होती. पहिली वीस मिनिटं मजेत गेली. मग तिचे पाय दुखले, मग शू लागली, मग भूक. शेवटच्या चढाला मी तिला पाठुंगळी घेतलं. छाती भात्यासारखी चालत होती, गालांवर बर्फ बोचत होता, पण पायाखाली काळा, ओला, भक्कम रस्ता होता. एकदाही पाय घसरला नाही.

वर पोचताना गल्लीच्या तोंडाशी खाली डोकावले. अर्ध्या चढावर एक चकचकीत गाडी आडवी होऊन रुतली होती आणि एक जोडपं तिला ढकलायचं सोडून एकमेकांवर ओरडत होतं. ते कोण, हे मला न सांगताच कळलं. दोघं ठीकठाक होते, म्हणून मी हसले. नाहीतर हसले नसते.

नऊ त्रेपन्नला मी पिवळं दार वाजवलं.

"सात मिनिटं आधी," मिसेस बार्लो घड्याळ बघून म्हणाल्या आणि त्यांनी पेन पुढे केलं. माझी बोटं इतकी बधिर झाली होती की सही माझी आहे हे मलाच पटेना. तिथेच स्वयंपाकघराच्या टेबलावर, कराराचा फोटो जोडून, मी फोनवरून शाळेचा अर्ज पाठवला. 'आपला अर्ज मिळाला' असं उत्तर आलं आणि मी किंचाळले! अन्वी काही न कळताच किंचाळली. मिसेस बार्लोंनी शांतपणे किटली ठेवली.

आईला फोन लावला. "आई, जमलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "पोरीचे पाय ओले नाहीत ना झाले?" ती म्हणाली. "मी उन्हाळ्यात येते बाप्पा. घर बघायला."

मिसेस बार्लो किल्ली देऊन शेजारी बहिणीकडे गेल्या. अन्वी जिन्याच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा मोजत होती. दुपारी दोनला खिडकीतून दिसलं: नारिंगी जाकीट, खांद्यावर फावडं. शिफ्ट संपवून आलेला नकुल आमच्या फाटकापासून दारापर्यंतचा बर्फ बाजूला करत होता. मी बूट घालायला थांबले नाही. नुसत्या मोज्यांवर धावत सुटले.

"कसा झाला?" त्याने विचारलं.

"मी राहतेय."

"आय नो. मिसेस बार्लोने सगळ्या रस्त्याला सांगितला—"

"नाही, थांब, ऐक." मला धाप लागली होती, आणि ती चढाची नव्हती. "मला तू आवडतोस. खूप. आणि हे मला कशातच मोजून बघायचं नाहीये."

त्याच्या हातातलं फावडं बर्फात पडलं. पापण्यांवर मिठाचे कण, गालावर ती घडी... "मला पण... म्हणजे... मराठीत हे कसा म्हणतात, मला येत नाही."

"मग इंग्लिशमध्ये म्हण."

"इंग्लिशमध्ये पण येत नाही," तो म्हणाला, आणि त्याने मला सरळ जवळ ओढलं. त्याच्या जाकिटाला डिझेलचा वास होता, ओठांना मिठाची चव होती. वरच्या खिडकीतून अन्वीने ओरडून विचारलं की आपण हे घर आता कोणालाच परत द्यायचं नाही ना? "नाही!" मी तिथूनच ओरडले. इतक्या जोरात, की अख्ख्या अपरमूरने ऐकलं असेल.

"तुझे मोजे," नकुल माझ्या पायांकडे बघत म्हणाला. "भिजले."

"भिजू देत," मी म्हणाले आणि त्याचा हात धरून दाराकडे वळले. "चल, आत ये. माझ्या घरात."