हिरवा झाडू

"ए, तंबूचं सोडा आता! दादा घर सोडून चाललाय!"

टिकली धापा टाकत गच्चीवर आली, तेव्हा ढब्बू आणि वकील स्टुडिओतल्या जुन्या पडद्याचा तंबू उभारत होते. ढब्बू हा तिचा आतेभाऊ, सुट्टीला राहायला आलेला. वकील ही शेजारची मैत्रीण. "आज ऊन आहे," असं म्हटलं तरी ती "कशावरून?" असं विचारायची, म्हणून तिला ते नाव पडलं होतं.

"चाललाय म्हणजे? फिरायला?" ढब्बूने विचारलं.

"काकाकडे! शीतगृहात कामाला! आज संध्याकाळच्या बसने. आणि परत येणार नाही म्हणतोय!" एवढं बोलून टिकलीला रडूच कोसळलं.

घराच्या खालीच बाबांचा फोटो स्टुडिओ होता. बारावी झाल्यापासून दादा तिथेच असायचा आणि कॅमेऱ्यापुढे त्याला जेवणाचंही भान नसे. पण गेल्या आठवड्यात घात झाला. दवाखान्यातल्या नर्सबाई आपल्या वडिलांचा मोठा फोटो करून घ्यायला आल्या. वडील महिन्यापूर्वीच वारले होते. त्याआधी त्या त्यांना नवा शर्ट घालून, खुर्चीत बसवून स्टुडिओत घेऊन आल्या होत्या आणि बाबांनी त्यांचे ढीगभर फोटो काढले होते. आता कंप्युटर उघडून बघतात तर एकच फोटो शिल्लक! त्यातही डोळे मिटलेले आणि तोंड अर्धवट उघडं. बाकीचे सगळे गायब. कॅमेऱ्याचं कार्ड पुसून दुसऱ्या कामाला लावायची बाबांची पद्धत होती, त्यामुळे तिथेही काही नव्हतं.

बाबांनी मागचापुढचा विचार केला नाही. नर्सबाईंच्या देखत ते दादावर उसळले. "गेम चढवायला जागा हवी म्हणून उडवलेस ना?"

"मी हात लावला नाही, बाबा."

"वर तोंड करून खोटं बोलतोस? खोटारडा!"

त्या दिवसापासून दादाला स्टुडिओची दारं बंद झाली. आईने समजावून पाहिलं, पण बाबांनी तिलाही गप्प बसवलं. दादाने एकदा सांगितलं ते सांगितलं, पुन्हा सफाई द्यायला तो तयार नव्हता.

"रडणं बंद!" वकील म्हणाली. "केस नीट मांड. नुसत्या त्या आजोबांचेच फोटो गेलेत?"

"नाही गं, पुष्कळांचे गेलेत. प्रत्येकाचा एकेकच उरलाय."

"मग आधी जागा बघायला हवी!"

दुपारी बाबा जेवून वर लवंडले की तासभर स्टुडिओ सांभाळायचं काम टिकलीकडे असे. तिघंही खाली उतरली. राखाडी पडदा, दोन छत्र्यांचे दिवे, फिरतं स्टूल आणि कोपऱ्यात कंप्युटर. टिकलीने उरलेले फोटो एकामागून एक उघडले. एका बाळाचे डोळे बंद, एक बाई दचकलेली, पासपोर्टवाले काका तर शिंकण्याच्या बेतात!

ढब्बू खो खो हसत सुटला. "मामाने काय भुतांचं प्रदर्शन भरवलंय का?"

पण टिकली हसली नाही.

"अरे, हे सगळे पहिले फोटो आहेत!"

"कशावरून?" वकील.

"बाबांचा नियमच आहे तो! पहिल्या फ्लॅशला माणूस दचकतो, म्हणून पहिला फोटो नेहमी टाकून द्यायचा. दादाला हे झोपेतसुद्धा ठाऊक आहे. त्याला फोटो उडवायचेच असते, तर त्याने पहिला उडवला असता. टाकायचा तोच ठेवून चांगले सगळे कोण फेकेल?"

"ज्याला फोटोतलं काही कळत नाही, तो!" वकील उडालीच. "म्हणजे हे माणसाचं काम नाही!"

ढब्बूने कंप्युटरच्या पडद्याला नाक लावलं. खाली हवामानाची पट्टी लोंबत होती, तीही भलत्याच शहराची. बाजूला खरेदीची खिडकी सारखी उघडझाप करत होती. आणि घड्याळाशेजारी एक हिरवा झाडू होता.

"हा कोण पाहुणा?"

"मी कधी पाहिला नाही," टिकली म्हणाली.

ढब्बूने झाडूवर टिचकी मारली. मोठी खिडकी उघडली. 'सारखे दिसणारे फोटो: पहिला ठेवा, बाकीचे काढून टाका.' पुढे चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली! खाली हसऱ्या चेहऱ्यासह लिहिलं होतं, 'अभिनंदन! तुमची बरीच जागा मोकळी झाली. कचरापेटीही रिकामी केली आहे.'

तिघांचीही तोंडं उघडीच राहिली. एका माणसाचे शेवटचे फोटो गेले होते आणि हा मेला अभिनंदन करत होता!

"चोर सापडला!" ढब्बू ओरडला. "चल, मामाला उठवू!"

"थांब!" वकीलने त्याची कॉलर धरली. "तुझे मामा म्हणतील, हा झाडूसुद्धा दादानेच आणला. याला घरात घेतलं कोणी, ते सिद्ध व्हायला हवं."

टिकलीला सगळं एकदम दिसलं. गिऱ्हाईक स्टुलावर ताटकळलेलं, फोटो छापायचा प्रोग्रॅम 'अपडेट करा' म्हणून अडून बसलेला, आणि बाबा गप्पा मारता मारता फटाफट बटण दाबताहेत. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश!

"ढब्बू, आत्याच्या जुन्या लॅपटॉपवर बाबांनीच हा फोटो छापायचा प्रोग्रॅम घालून दिला होता ना? आणलायस तो?"

"हो, पण तोही अपडेट मागत बसलाय."

"मागू दे! आज मिळेल त्याला."

पाच वाजता नर्सबाई आल्या. उरलाय तोच फोटो थोडा सुधारून मिळतो का, हे त्या विचारायला आल्या होत्या. बाबा मान खाली घालून "बघतो, बघतो" म्हणत होते. तेवढ्यात तिघं लॅपटॉप घेऊन आत घुसली. त्यात ढब्बूचे गाल फुगवलेले एकसारखे फोटो त्यांनी भरून ठेवले होते.

"बाबा, हा अपडेट आम्हाला जमत नाहीये," टिकली लाडात म्हणाली. "तुम्हीच करा ना!"

"आता? गिऱ्हाईक आहे, दिसत नाही?"

"करा हो, मी थांबते," नर्सबाई म्हणाल्या.

बाबांना तेवढंच बरं वाटलं. खुर्ची ओढून ते बसले. "यात काय आहे न जमण्यासारखं? डोळे झाकून करतो मी हे!" आणि खरोखरच त्यांनी पडद्याकडे न बघता बटणं दाबली. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट.

"काका, खाली बारीक अक्षरात काहीतरी आहे," वकील म्हणाली.

"ते असतंच गं. वाचत बसलो तर धंदा कधी करू? फिनिश!"

"दुकानातल्या कंप्युटरवरही असंच करता?"

"मग? रोजचं काम आहे माझं."

"दादा नाही करत?"

"छे! अपडेटला मी त्याला हातसुद्धा लावू देत नाही!"

वकीलने टिकलीकडे पाहिलं. टिकलीने लॅपटॉप हळूच नर्सबाईंकडे वळवला. घड्याळाशेजारी हिरवा झाडू येऊन बसला होता! कोणाला न विचारता त्याने कामही सुरू केलं. गाल फुगवलेले ढब्बू एकेक करून नाहीसे होऊ लागले. शेवटी एकच उरला, डोळे मिटलेला.

"अभिनंदन!" पडद्यावर अक्षरं आली.

पायऱ्यांवर कोणीतरी थांबलं होतं. दादा! खांद्याला बॅग होती. त्याने सगळं पाहिलं होतं.

"म्हणजे माझ्या वडिलांचे..." नर्सबाईंनी लॅपटॉप जवळ ओढला.

"हलकट आहेत हे कंपनीवाले!" बाबा टेबलावर हात आपटत उठले. "एक प्रोग्रॅम मागितला तर चार गळ्यात मारतात! खूण आधीच करून ठेवायची, माणूस घाईत असतो हे यांना पक्कं माहीत असतं!"

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. कंपनीवाले लबाडच होते. पण टिकलीचा जीव जळत होता. "त्यांनी तुम्हाला फसवलं, बाबा. पण दादाला खोटारडा तुम्ही म्हणालात. याच जागी."

बाबा क्षणभर गोरेमोरे झाले. मग दादाकडे बघून हसले. "चल, बॅग वर ठेवून ये. मिटलं सगळं!"

"तुमचं मिटलं, बाबा," दादा म्हणाला.

"सॉरी म्हणा ना त्याला!" टिकली रडकुंडीला आली.

"वेडी का तू? बाप मुलाला सॉरी म्हणतो का कधी?" बाबांनी तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि ते नर्सबाईंकडे वळले. "पण पाहिलंत ना माझ्या पोरीचं डोकं? मोठमोठ्यांना सुचलं नसतं!"

दादा केव्हाच पायऱ्या उतरला होता.

बस थांब्यापर्यंत तिघं त्याच्या मागे धावली. "आता तर सिद्ध झालं ना? मग का जातोस?" वकील चिडून म्हणाली.

"सिद्ध करावं लागलं, म्हणूनच तर जातोय." दादा टिकलीसमोर खाली बसला. "तू मला एकदाही विचारलं नाहीस, 'दादा, तू केलंस का?' म्हणून. सरळ शोधायलाच लागलीस. बाबांना माझ्यासाठी एवढा पुरावा लागला, टिकले. मी त्यांच्याजवळ वाढलोय गं."

बस आली. दादा चढला. टिकली हात हलवायचंही विसरली.

परत आली, तर स्टुडिओत आजूबाजूची माणसं जमली होती आणि बाबा सगळी गोष्ट रंगवून सांगत होते. आई एकटीच कोपऱ्यात उभी होती. नर्सबाईंनी टिकलीचे दोन्ही हात हातात घेतले. "फोटो नाही मिळाले, पण खरं काय ते कळलं. तुझ्यामुळे कळलं, बाळा."

"नाव काढलंत रे पोरांनो!" शेजारचे आजोबा म्हणाले.

"काय बक्षीस हवं तुला? माग!" बाबा म्हणाले.

टिकलीने टेबलावरचा बाबांचा फोन उचलला, नंबर लावला आणि त्यांच्यापुढे धरला. "हे हवंय. बोला त्याच्याशी."

"हॅलो?" फोनमधून दादाचा आवाज आला. "बाबा?"

सगळी माणसं बाबांकडे बघत होती. बाबांनी फोन हातात घेतला, दोनदा घसा खाकरला.

"पोचलास की कळव," ते म्हणाले आणि त्यांनी फोन तिला परत दिला.

"बघा, बापाला किती काळजी!" कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

टिकलीने फोन कानाला लावला. पलीकडे बसची घरघर ऐकू येत होती. दादा अजून फोन धरून होता.